पाणी आलं नाही

एक बारीक भोक होतं. करंगळीसुद्धा आत जाणार नाही एवढं. त्याचं काम एकच, दारामागे पाणी असेल तर त्याची धार बाहेर उडवायची. १ जून १९३९ च्या दुपारी लिव्हरपूलच्या उपसागरात, एका पाणबुडीत, एका लेफ्टनंटनं त्याची कळ फिरवली. पाणी आलं नाही. म्हणून पुढे दार उघडलं गेलं आणि ९९ माणसं गेली. पाणबुड्यांच्या इतिहासात याहून मोठे अपघात झाले आहेत, युद्धांत तर माणसं हजारोंनी बुडाली, तरी हे भोक काही केल्या डोक्यातून जात नाही. ‘पाणी आलं नाही’ या तीन शब्दांचे दोन अर्थ होतात. एक, मागची नळी रिकामी आहे. दुसरा, भोकच बुजलेलं आहे. कळ फिरवणाऱ्या माणसाला दोन्ही अगदी सारखेच दिसतात. सकाळी आपल्या नळाला पाणी आलं नाही तर आपण निदान शेजारी विचारून येतो, ‘तुमच्याकडे आलंय का?’ पाणबुडीत शेजार नसतो.

बोटीचं नाव ‘थेटिस’. लिव्हरपूलसमोर नदीपलीकडे असलेल्या बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीत बांधलेली नवी कोरी पाणबुडी, पहिली मोठी बुडी मारायला निघालेली. नेहमीचे खलाशी पन्नासच्या आसपास, पण त्या दिवशी आत १०३ जण होते. गोदीचे कारागीर, नौदलाचे निरीक्षक, वाट दाखवणारा एक पायलट आणि जेवण वाढायला आलेले दोघे केटरर. दुपारी दोनच्या सुमाराला बुडी मारायचा हुकूम सुटला आणि बोट बुडेचना. टाक्या भरल्या, सुकाणूची पाती खाली कलती केली, तरी ती तासभर पृष्ठभागावर रेंगाळत राहिली. म्हणजे पुढचा भाग हलका होता. पाणतीर (टॉर्पेडो) भरलेले नसले की त्यांच्या वजनाची भरपाई म्हणून काही नळ्यांत पाणी भरून ठेवतात. कागदावर पाच आणि सहा नंबरच्या नळ्या भरलेल्या होत्या. खरंच भरल्यात का, हे पाहायला लेफ्टनंट वुड्स पुढच्या कप्प्यात गेला.

पाणतिराच्या नळीला दोन दारं असतात. बाहेरचं समुद्राकडे उघडतं, आतलं बोटीत. दोन्ही एकाच वेळी उघडी राहू नयेत, हा या धंद्यातला पहिला नियम. बाहेरचं दार उघडं की बंद, हे सांगणाऱ्या तबकड्या एका खाली एक लावलेल्या होत्या, पाच नंबरची सगळ्यांत खाली. शिवाय पाचवर ‘बंद’ची जागा सहाच्या नेमकी उलट बाजूला होती, आरशातल्यासारखी. तबकडी चुकली तरी शेवटची राखण आतल्या दारावरच्या त्या भोकाची. पण गोदीत दाराला आतून डांबरी इनॅमलचा रंग देताना कुणाचा तरी ब्रश भोकावरून फिरला होता, आणि रंग तिथेच वाळून घट्ट बसला होता. भोक साफ करायला टोच्या दिलेला असतो. तो त्या दिवशी वापरला गेला नाही. दार उघडलं तेव्हा बाहेरचंही दार उघडंच होतं. नळीचा व्यास २१ इंच. एवढ्या तोंडातून समुद्र आत येतो तेव्हा सेकंदाला टनाच्या घरात पाणी येतं. मधल्या भिंतीचं दार लावायला धावले, तर त्याची एक खिटी दार आणि चौकटीच्या मध्ये अडकली. त्यापुढचं दार लागलं, तोवर दोन कप्पे भरले होते आणि बोटीचं नाक तळाच्या चिखलात रुतलं होतं.

तळ जेमतेम दीडशे फुटांवर होता आणि बोट २७५ फूट लांब.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी पहाटे, मागच्या टाक्या रिकाम्या केल्यावर, तिचं शेपूट पाण्याबाहेर आलं. जहाजं जमली. बाहेरची माणसं पत्र्याला हात लावू शकत होती आणि आत शंभर माणसं धापा टाकत होती. सुटकेच्या कोठडीतून डेव्हिस श्वासयंत्र लावून पहिले दोघे निघाले. त्यांत वुड्स होता. मग घाईघाईनं चौघांना एकदम कोठडीत घातलं, ते वाचले नाहीत. त्यानंतर आणखी दोघे सुटले, आणि संपलं. दुपारी बोटीला बांधलेला तारदोर तुटला आणि शेपूटही खाली गेलं. बहुतेकांना पाण्यानं मारलंच नव्हतं. त्यांच्याच उच्छ्वासानं मारलं होतं.

इथे येऊन ज्यूल व्हर्नची आठवण येतेच. भा. रा. भागवतांनी तो मराठी मुलांच्या घरात आणून ठेवल्यापासून आपल्याकडे पाणबुडी म्हटलं की कॅप्टन निमो, त्याचा ऑर्गन, बारा हजार पुस्तकांचं ग्रंथालय आणि मोठाल्या काचांमागे पोहणारे मासे. (‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या निमोच्या कादंबरीच्या शीर्षकातले वीस हजार ‘लीग’ म्हणजे खोली असा समज पुष्कळांचा असतो. ते अंतर आहे, सुमारे ८०,००० किलोमीटर. खोलीच्या बाबतीत मात्र व्हर्ननं हात सैल सोडला आहे. निमोची बोट ‘नॉटिलस’ १६,००० मीटर खाली जाते. एवढा खोल समुद्र पृथ्वीवर कुठेच नाही.) निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला, हे नंतरच्या ‘रहस्यमय बेट’ कादंबरीत उघड होतं. व्हर्नच्या मनात आधी पोलंडचा सरदार होता. रशियातले वाचक दुखावतील म्हणून प्रकाशकानं नको म्हटलं. त्या धंदेवाईक भित्रेपणामुळे जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध पाणबुडीचा कप्तान आपल्या वाट्याला आला.

निमो आपली बोट कशी बांधली ते सांगतो तो परिच्छेद मुलं वगळून पुढे पळतात. सुटे भाग वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या नावांवर मागवले आणि एका निर्जन बेटावर जोडले. कणा फ्रान्समधल्या क्रूझोचा, यंत्रं प्रशियातल्या क्रुपची, पंखा ग्लासगोचा. आणि अंगाचे पोलादी पत्रे? लिव्हरपूलच्या लेअर्डकडचे. हीच ती नदीपलीकडची गोदी, जिचं नाव पुढे कॅमेल लेअर्ड झालं. कादंबरी १८७० ची, थेटिस १९३९ ची. योगायोग म्हणून सोडून देता येतो. पण त्याच कादंबरीत हवा संपण्याचं जे प्रकरण आहे ते वाचलं की सोडून देणं अवघड जातं.

दक्षिण ध्रुवाजवळ नॉटिलस बर्फाच्या भिंतींत चिणली जाते. साठवलेली हवा दोन दिवसांची. माणसं पाण्याखाली घालायचे पोशाख चढवून कुदळींनी बर्फ खणतात, आणि बोटीत परतल्यावर डोकं घणघणायला लागतं. व्हर्न इथे थांबून रसायन सांगतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषायला कॉस्टिक पोटॅश भांड्यांत भरून सतत हलवत ठेवावं लागेल, आणि बोटीवर पोटॅश नाही. ऑर्गन आहे, बारा हजार ग्रंथ आहेत, जगभरचे मोती आहेत. पोटॅश नाही! इतका हुशार कप्तान एवढी गोष्ट कशी विसरला, असं वाटतं खरं. पण मला ते प्रकरण लेखकाचा सगळ्यांत प्रामाणिक क्षण वाटतं. कारण आधी एका ठिकाणी त्यानं हिशेब चुकवला आहे. कथा सांगणारा प्राध्यापक अरोनॅक्स मोजतो की माणसाला तासाला १०० लिटर हवेतला प्राणवायू लागतो, बोटीत १५ लाख लिटर हवा आहे, म्हणजे ६२५ माणसं चोवीस तास जगतील. भागाकार बरोबर. पण चोविसाव्या तासाला त्या हवेत प्राणवायूचा टिपूसही उरला नसता, आणि त्याच्या कितीतरी आधी सगळे आडवे झाले असते. कारण बंद पेटीत माणूस प्राणवायू संपल्यानं मरत नाही. त्याआधी त्याला त्यानंच सोडलेला वायू गाठतो.

स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण २० लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. शंभर माणसं म्हणजे तासाला दोन घनमीटर. बाहेरच्या हवेत हा वायू ०.०४ टक्के. तो तीन टक्क्यांवर गेला की डोकं ठणकतं आणि धाप लागते. पाच-सहावर विचार नीट जुळत नाहीत, दहाच्या आसपास शुद्ध जाते. त्यात थेटिसमध्ये आणखी एक पाचर होती. पुढचे दोन कप्पे भरताना आत शिरलेल्या पाण्यानं उरलेली हवा दाबली. शरीर टक्केवारी मोजत नाही, त्या वायूचा दाब मोजतं. हवा दुप्पट दाबली तर तीन टक्के सहासारखे वागतात. सुटकेच्या झडपांचा क्रम, कुठली कळ आधी, कुठली नंतर, हे सगळं ऐन त्या वेळी आठवायचं, जेव्हा डोकं चालत नाही.

जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाचं नाव आपल्याकडे भुवनेश्वरमुळे माहीत असतं. १९५७ मध्ये भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं, इथेच १९६४ मध्ये वारले. थेटिसमध्ये ज्या कामगार संघटनांची माणसं मेली होती त्यांनी तपासासाठी हॉल्डेनना गाठलं. या गृहस्थांनी स्पेनच्या यादवीत लढून आलेल्या काही साथीदारांना बरोबर घेतलं आणि स्वतःला पोलादी कोठडीत कोंडून घेतलं. हवा बिघडू दिली. धाप, डोकेदुखी हे अपेक्षितच होतं. नवं ते पुढे. अशा हवेत बराच वेळ राहिलेल्या माणसानं एकदम श्वासयंत्रातला शुद्ध प्राणवायू ओढला की त्याला ओकारी होते. तोंडात नळी, नाकाला चिमटा, भोवती पाणी भरत चाललेलं, आणि अशा वेळी ओकारी. त्या चौघांच्या कोठडीत काय झालं असेल, याची कल्पना यावरून येते. नको इतकी येते.

हवेचा अंदाज घ्यायची जुनी रीत याहून साधी होती. अमेरिकन यादवीत दक्षिणेनं बांधलेली ‘हनली’ हातानं दांडा फिरवून चालायची. सात जण दांड्यावर, एक पुढे. आत मेणबत्ती. तग धरण्याच्या चाचणीत तळाशी बसल्यावर मेणबत्ती सुमारे २५ मिनिटांत विझली. माणसं अंधारात २ तास ३५ मिनिटं बसून राहिली. १७ फेब्रुवारी १८६४ ला तिनं ‘हूसॅटॉनिक’ हे उत्तरेचं जहाज बुडवलं आणि स्वतःही परतली नाही. ऑगस्ट २००० मध्ये वर काढली तेव्हा सांगाडे आपापल्या जागी होते. दाराशी गर्दी नव्हती, धडपडीची खूण नव्हती. या शांतपणाचं कारण काय असावं यावर अभ्यासक अजून भांडतात.

पोटॅशचं पुढे काय झालं? ते बोटीवर आलं, वेगळ्या रूपात. पोटॅशियम सुपरऑक्साइडच्या पाटांवर दमट श्वास फिरवला की प्राणवायू सुटतो आणि मागे उरतं ते कॉस्टिक पोटॅशच. तेच मग कार्बन डायऑक्साइड शोषतं. एका दगडात दोन पक्षी. निमोला हवं होतं ते आणि वर प्राणवायू. १२ ऑगस्ट २००० ला बॅरेंट्स समुद्रात रशियन पाणबुडी ‘कुर्स्क’ १०८ मीटरवर तळाशी गेली. पुढच्या भागात हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणारा पाणतीर फुटला होता. २३ जण सगळ्यांत मागच्या, नवव्या कप्प्यात जमले. त्यांच्याकडे हे पाट होते. पाण्यावर तेलाचा तवंग होता. एक पाट त्यात पडला असावा, आणि भडका उडाला. आगीनं उरलासुरला प्राणवायू खाल्ला. जी वस्तू नसल्यानं कादंबरीतले लोक गुदमरत होते, तीच असल्यानं हे गेले. ब्रिटिश ‘टायरलेस’वर २१ मार्च २००७ ला आर्क्टिक बर्फाखाली प्राणवायूची मेणबत्ती फुटून दोन खलाशी मेले. ही मेणबत्ती म्हणजे सोडियम क्लोरेट आणि लोखंडाच्या भुकटीची वडी, पेटवली की प्राणवायू देते. तिलाही तेलाचं वावडं. आणि पाणबुडीत तेल नाही अशी जागा शोधून दाखवावी.

अणुपाणबुड्यांत पाण्याचं विघटन करून प्राणवायू मिळतो, हायड्रोजन समुद्रात सोडतात, आणि कार्बन डायऑक्साइड अमाइन नावाच्या द्रवातून धुऊन काढतात. या अमाइनला कुबट वास असतो. तो कपड्यांत बसतो आणि खलाशी घरी आला की उंबऱ्यातच ओळखू येतो. डिझेल बोटींचा वास वेगळा: डिझेल, घाम, कांदा, न वाळलेले कपडे. विज्ञानकथेतल्या पाणबुडीला कधीच वास येत नाही. चित्रपटांत तर सोनारचं ‘पिंग’ सतत चालू असतं. प्रत्यक्षात पिंग म्हणजे अंधारात लपलेल्या माणसानं टाळी वाजवण्यासारखं, फार क्वचित करायची गोष्ट. खरी पाणबुडी ऐकत बसते.

आणि काल्पनिक बोटींवर बॅटरी नुसती असते, तिला सांभाळावं लागत नाही. निमोची वीज बुनसेनच्या घटांवर, जस्ताऐवजी समुद्रातून काढलेलं सोडियम. बुनसेनच्या घटात नायट्रिक आम्ल असतं आणि त्यातून तपकिरी, विषारी धूर निघतो. नॉटिलसवर कुणी साधं खोकतही नाही! खऱ्या बोटींत शिसं आणि गंधकाम्लाचे घट राहण्याच्या जागेच्या खालीच असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सात-सी जातीच्या बोटीत असे १२४. पाण्याखाली चार नॉट वेगानं ८० सागरी मैल जाता यायचं. जोरात पळालं, साडेसात नॉटनं, तर तासा-दीड तासात घट रिकामे. त्यात खारं पाणी शिरलं की क्लोरिन, म्हणजे विषारी वायू. याच जातीची ‘यू-१२०६’ १४ एप्रिल १९४५ ला स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ साठेक मीटर खाली होती. तिथे संडासातली घाण बाहेर टाकायची म्हणजे बाहेरच्या सहा वातावरणांच्या जास्तीच्या दाबाविरुद्ध ढकलायची. झडपांचा क्रम चुकला की समुद्र उलटा आत. तसंच झालं. पाणी घटांवर गेलं, क्लोरिन झाला, बोट वर आणावी लागली, विमानांनी गाठली, शेवटी स्वतःच बुडवली. चार जण मेले. लोक चवीनं सांगतात की कप्तानानंच चुकीची कळ फिरवली. कप्तान श्लिटचं म्हणणं वेगळं होतं: आपण इंजिनाशी होतो, पुढच्या संडासाची झडप दुरुस्त करायला एक तंत्रज्ञ गेला होता. पण कप्तानाची आवृत्ती जास्त हसवते, म्हणून तीच टिकली. चार मेलेल्यांची नावं विनोदात बसत नाहीत.

आपल्याकडेही बॅटरीची ही सगळी काळजी जुनीच आहे. घट भरताना हायड्रोजन सुटतो, हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीची वाट पाहतो, म्हणून पंखे चालू ठेवून सतत मोजत राहायचं. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळ समुद्रात ‘सिंधुरत्न’वर बॅटरीच्या कप्प्यातून धूर निघाला, दोन अधिकारी गेले, आणि नौदलप्रमुखांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. त्याच्या सहा महिने आधी, १३-१४ ऑगस्टच्या मध्यरात्री, ‘सिंधुरक्षक’ मुंबईच्या गोदीत बांधलेल्या जागीच स्फोटांनी बुडाली. १८ जण आत होते. माझगावच्या गोदीत बांधलेली ‘कलवरी’ जातीची बोट ६७.५ मीटर लांब असते. निमोची नॉटिलस ७० मीटर होती, वजन दीड हजार टन. मापं जवळजवळ तीच. कलवरीच्याही कल्पना आणि भाग देशोदेशींचे. त्यांतल्या एकीचं नाव ‘खांदेरी’, थळच्या समोरच्या शिवाजी महाराजांच्या जलदुर्गावरून. ऑर्गन मात्र नसावा. आधीच्या ‘शिशुमार’ जातीत सगळ्या खलाशांना घेऊन वर तरंगत जाईल असा एक पोलादी गोल बसवलेला आहे, ४० माणसांचा. थेटिसमधल्या दोघादोघांच्या कोठडीपुढे हा केवढा फरक. थेटिसच्या नऊच दिवस आधी, २३ मे १९३९ ला, अमेरिकेची ‘स्क्वालस’ ७४ मीटरवर बुडाली होती आणि घंटेसारखी कोठडी वरून सोडून ३३ जणांना जिवंत काढलं होतं. अशी घंटा लिव्हरपूलला नव्हती.

थेटिसच्या विधवांनी दावे लावले. नौदलानं कागदपत्रं दाखवायला नकार दिला, आणि ‘डंकन विरुद्ध कॅमेल लेअर्ड’ हा १९४२ चा निकाल सरकारी गुप्ततेचा आधार म्हणून कायद्याच्या पुस्तकांत गेला. आपल्याकडचे वकील तो अजून वाचतात, बहुतेकांना त्यामागचं भोक माहीत नसतं. १९४६ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात शेवटचा निकाल लागला: कुणालाही जबाबदार धरता येत नाही. रंग देणारा, रंग तपासणारा, टोच्या न वापरणारा, तबकड्यांची मांडणी करणारा, प्रत्येकाचा वाटा एवढा बारीक की कुणाच्याच पदरात मावेना. मला हा निकाल पटत नाही, आणि तो चुकीचा आहे असं छातीठोकपणे म्हणताही येत नाही.

बोट मात्र वर काढली. धुतली, नळ्या बदलल्या, ‘थंडरबोल्ट’ असं नाव दिलं आणि लढाईवर पाठवली. मार्च १९४३ मध्ये सिसिलीजवळ इटालियन जहाजानं ती बुडवली, त्या वेळी एकही माणूस वाचला नाही. पण दरम्यान ब्रिटिश पाणबुड्यांच्या पाणतीर नळ्यांना एक जास्तीची खिटी लागली होती. खलाशी तिला ‘थेटिस क्लिप’ म्हणत. आतल्या दाराचं कुलूप काढलं तरी ही खिटी दाराला पुरतं उघडू देत नाही. दार जरासं सैल होतं आणि अडतं, कडेनं एक फट पडते. नळी भरलेली असेल तर त्या फटीतून पाण्याची पातळ चादर सगळीकडून फवारते, अंग भिजवते, आणि समोरचा माणूस खिटी तशीच ठेवून दार पुन्हा दाबून बसवतो.